१०८, ११४, ११०: एका सायकलच्या चेनची लांबी

मित्राची सायकल माझ्याकडे दुसऱ्यांदा आली तेव्हा तिची तक्रार पहिल्या खेपेच्या बरोबर उलट होती. आधी चेन ताणली जात होती, आता ती लोंबत होती. मधल्या काळात सायकलीत चेनशिवाय काहीही बदललं नव्हतं. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच होतं, चेनची लांबी, आणि त्यातली पहिली चूक माझ्या हातून झाली होती. चेन किती लांब असावी हा प्रश्न आपण फार हलक्यात घेतो असं मला या प्रकरणानंतर मनापासून वाटतं, म्हणून ते आकड्यांसकट लिहितो आहे.

सायकल रस्त्यावरची, पुढे पेडलपाशी ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चेनरिंग, म्हणजे दातेरी चकत्या, मागे १० गिअर. मूळची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, ११-२८ होती, म्हणजे मागची सर्वांत लहान चकती ११ दात्यांची आणि सर्वांत मोठी २८ ची. मित्राला सामानासकट लांबचा, चढांचा प्रवास करायचा होता आणि गुडघे वाचवायचे होते. म्हणून आम्ही ११-३४ ची कॅसेट बसवली. तिच्या चकत्या ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २६, ३० आणि ३४ अशा. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, तोही लांब केजचा घेतला; केज म्हणजे चेनची ढील ओढून धरणारा त्याचा खालचा लोंबता भाग. तो ३४ दात्यांपर्यंत चालणारा आणि ३९ दात्यांची एकूण क्षमता असलेला, म्हणजे तेवढ्या दात्यांच्या फरकाची ढील सांभाळणारा होता. ही क्षमता काढायची रीत सोपी आहे. पुढच्या दोन चेनरिंगमधला फरक १६, मागच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान चकतीतला फरक २३, बेरीज ३९. डिरेलरची क्षमता आणि आमची गरज तंतोतंत जुळत होती. शिल्लक मात्र काहीच नव्हती, आणि याचा परिणाम पुढे दिसणार होता.

जुनी चेन झिजलेली होती, तीही बदलायची होती. मी काय केलं? जुनी चेन जमिनीवर पसरली, नवी तिच्या शेजारी ठेवली, टोकाला टोक जुळवलं आणि जिथे जुनी संपली तिथे नवी कापली. जुनीचं टोक नव्या चेनच्या १०७ व्या कडीपाशी येत होतं. क्विक लिंक, म्हणजे चेनची टोकं जोडणारी सुटी कडी, लावायची तर एकूण कड्या सम लागतात, म्हणून मी १०८ ठेवल्या. कॅसेट मोठी झाली आहे, एक कडी जास्तच मिळाली, बरंच झालं, असं मनात म्हटल्याचं मला आठवतं.

इथे कडी म्हणजे काय ते सांगून टाकतो, कारण यावरून पुष्कळ घोळ होतो. एक आतली कडी आणि एक बाहेरची कडी, अशा आलटून पालटून येतात. दोन लगतच्या पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मि.मी. चेनच्या डब्यावर ११४ किंवा ११६ लिहिलेलं असतं तेव्हा आतली एक आणि बाहेरची एक, अशी प्रत्येक कडी वेगळी मोजलेली असते. कुणी आत-बाहेरची जोडी एकच धरून मोजलं तर आकडा निम्मा येतो. या लेखात मी प्रत्येक कडी वेगळी मोजली आहे. दोन कड्या म्हणजे एक इंच.

आठवड्याभरात मित्राचा फोन आला. "अरे, शेवटचा गिअर कधी पडतो, कधी अडखळतो. आणि पडला की मागून कसला तरी कुरकुर आवाज येतो." मी त्याला केबलचा ताण कमीजास्त करणारा बॅरल ॲडजस्टर अर्धा फेरा फिरवायला सांगितलं. नंतर तो आला तेव्हा केबल तपासली, डिरेलरचं चकत्यांपासूनचं अंतर ठरवणारा बी स्क्रू थोडा आवळला, स्टँडवर पेडल फिरवून गिअर पाहिले. सगळं ठीक वाटलं. मी गिअर तपासताना चेन पुढच्या ३४ वर होती. ५० वर ठेवून मागे ३४ पर्यंत गेलोच नाही. तो जोडगिअर वापरायचा नसतो, चेन तिरकी चालते, म्हणून तपासायचाही नसतो अशी माझी तेव्हाची समजूत होती.

प्रवासात चौथ्या दिवशी एका चढावर थकलेल्या अवस्थेत त्याने न बघता गिअर हलके करत नेले. पुढे ५०, मागे ३४. चेन चढली, पेडल जड झालं, मागून कडक आवाज आला आणि केज पुढे खेचली जाऊन जवळजवळ आडवी झाली. त्याने वेळीच पाय थांबवला. पुढच्या मुक्कामी एका दुरुस्तीवाल्याने चेन आखूड आहे हे बरोबर ओळखलं आणि डब्यातली ११४ कड्यांची नवी चेन एकही कडी न कापता जशीच्या तशी बसवली. ताण गेला. घाईच्या वेळी त्याने प्रवास सुरू ठेवून दिला, यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

पण परत येईपर्यंत मित्र नव्या त्रासाने वैतागला होता. चेन खडखडत होती, फ्रेमवर आपटत होती, खराब रस्त्यावर दोनदा पुढच्या चेनरिंगवरून उतरली होती, आणि मधले गिअर टाकले की ते पेडलचा एक फेरा उशिरा बसत होते.

या वेळी मी पाना हातात घेण्याआधी कागद घेतला. पुढे दोन, मागे दहा, अशा वीस चौकटी आखल्या. मित्राला सायकल चालवायला लावून प्रत्येक चौकटीत काय होतं ते लिहून घेतलं. पहिल्या वेळी हे केलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. "गिअर नीट पडत नाहीत" हे वाक्य तपासाच्या दृष्टीने जवळपास निरुपयोगी आहे. कुठल्या चेनरिंगवर, कुठल्या चकतीवर, चढताना की उतरताना, हे कळलं की अर्धा तपास होतो.

कागदावर दोन गोष्टी उमटल्या. १५ आणि १७ च्या चकत्यांवर टिकटिक येत होती, पुढे ५० असो की ३४. आणि पुढे ३४ असताना मागे ११, १३, १५, १७ आणि १९ वर चेन सैल होती, २१ वर आली की ताण यायचा आणि खडखड थांबायची. पुढे ५० असताना सैलपणाचा मागमूसही नव्हता.

या दोन ओळींमधला फरक या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. केबलचा ताण, इंडेक्सिंग (दर क्लिकला डिरेलर नेमका चकतीखाली येण्याची जुळवणी) किंवा वाकलेला हँगर (डिरेलर ज्यावर बसतो तो फ्रेमचा तुकडा) यांचा दोष मागच्या चकतीला चिकटलेला असतो, पुढे कुठली चेनरिंग आहे याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. चेनच्या लांबीचा दोष मात्र पुढच्या आणि मागच्या दात्यांच्या बेरजेप्रमाणे बदलतो. बेरीज मोठी असताना त्रास होत असेल तर चेन आखूड आहे, बेरीज लहान असताना होत असेल तर लांब. चेनरिंग बदलल्यावर त्रास येत-जात असेल तर बॅरल ॲडजस्टरला हात लावण्यात काही अर्थ नाही.

१५ आणि १७ ची टिकटिक हँगरची निघाली. गेज लावून रिमच्या वरच्या आणि खालच्या बाजूशी अंतर ताडून पाहिलं तर ६ मि.मी. चा फरक होता. हँगर सरळ केला, इंडेक्सिंग लावलं, टिकटिक गेली. चढावरच्या त्या ताणाने तो वाकला की सायकल कुठे आडवी पडल्याने, हे ठरवायला माझ्याकडे काही आधार नाही. एकाच सायकलीत दोन स्वतंत्र दोष असू शकतात, आणि एक दुरुस्त झाला की दुसराही त्याचाच भाग असेल असं मानून थांबण्याचा मोह होतो. सैलपणा तसाच होता.

आता मोजणी. अडगळीच्या डब्यात मूळची झिजलेली चेन अजून होती. कड्या मोजल्या: १०६. मग २४ कड्यांची लांबी मोजली. नव्या चेनमध्ये ती १२ इंच, म्हणजे ३०४.८ मि.मी. भरते. इथे ३०८ भरली. एक टक्क्याहून किंचित जास्त झीज. दहा गिअरच्या चेनला पाऊण टक्क्यावर निवृत्त करायची रीत आहे, म्हणजे ही आधीच उशिरापर्यंत चालली होती. १०६ कड्यांची नवी चेन १३४६ मि.मी. असते. या झिजेने ती १३६० झाली होती, आणि १०७ नव्या कड्यांची लांबी १३५९ होते. माझं टोकाला टोक जुळवणं मला १०७ वर का घेऊन गेलं ते इथे उलगडलं. मी चेनची लांबी मोजतच नव्हतो, झीज मोजत होतो.

नंतरची आकडेमोड करताना मी काही वेळ नुसता बसून राहिलो. चेनस्टे, म्हणजे पेडलच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतचं अंतर, ४१० मि.मी., म्हणजे १६.१४ इंच. चेनला डिरेलरमधून न नेता, नुसती पुढच्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकत्यांवरून गुंडाळली तर किती लागते याचा साधा हिशोब असा: चेनस्टेची दुप्पट, अधिक दोन्हीकडच्या दात्यांच्या बेरजेचा पाव भाग, सगळं इंचात. पाव भाग का, तर प्रत्येक दात्यामागे अर्धा इंच चेन, आणि चेन प्रत्येक चकतीला साधारण निम्मीच वेढते. ५० आणि ३४ साठी ३२.२८ अधिक २१, म्हणजे ५३.२८. पुढची चकती मागचीपेक्षा मोठी असल्याने चेन दोन्ही बाजूंना थोडी तिरपी जाते, ते धरलं की ५३.४ इंच. यात डिरेलरच्या दोन जॉकी व्हीलमधून, म्हणजे केजमधल्या छोट्या चाकांमधून, वळणं घ्यायला एक इंच, म्हणजे दोन कड्या मिळवायच्या. झाले ५४.४. चेन पूर्ण इंचातच जोडता येते, कारण आतल्या कडीला बाहेरचीच कडी लागते, म्हणून वरचा पूर्णांक: ५५ इंच. ११० कड्या.

मूळच्या २८ च्या कॅसेटसाठी हाच हिशोब ५२ अधिक १, म्हणजे ५३ इंच, १०६ कड्या देतो. मूळची चेन अगदी योग्य लांबीची होती. कॅसेट सहा दात्यांनी वाढवली तेव्हा दीड इंच चेन जास्त लागणार होती आणि पूर्णांकात नेल्यावर दोन इंच. मी एकच इंच वाढवला, तोही झिजेच्या कृपेने. जुनी चेन झिजलेली नसती तर मी १०६ कड्या कापल्या असत्या. १०६ म्हणजे ५३ इंच. ५० आणि ३४ ला डिरेलर नसतानाच ५३.४ लागतात. त्या चढावर मित्राने तो गिअर टाकला असता तर चेन पुरलीच नसती, आणि अशा वेळी डिरेलर, हँगर किंवा मागचं चाक यांपैकी काहीतरी तुटतं. १०८ मुळे डिरेलरला उरले होते अर्ध्या इंचाहून थोडे जास्त, १६ मि.मी. च्या आत. केज आडवी झाली ती त्यामुळे.

आता ११४. त्या ११० पेक्षा चार कड्यांनी, म्हणजे दोन इंचांनी लांब. एक दाता म्हणजे पाव इंच, तर दोन इंच म्हणजे आठ दाते. याचा अर्थ असा की योग्य लांबीच्या चेनला जिथून ताण येईल, त्याच्या आठ दाते पुढे ११४ च्या चेनला ताण येणार. कागदावर ताण २१ च्या चकतीवर येत होता. आठ वजा केले की १३. म्हणजे ११० कड्या लावल्या तर पुढे ३४ असताना १३ वर चेन ताठ असायला हवी, आणि फक्त ११ वर थोडी सैल. मी हे भाकीत कागदाच्या खाली लिहून ठेवलं आणि मगच चेन टूल हातात घेतलं.

कापायच्या आधी आकडेमोडीवर विसंबून न राहता सायकलीवरच ताडून पाहिलं. हीच पद्धत मी आता सगळ्यांना सांगतो, कारण तिला कागद लागत नाही. चेन पुढच्या सर्वांत मोठ्या चेनरिंगवरून आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवरून घ्यायची, डिरेलरमधून न्यायची नाही. दोन्ही टोकं हाताने घट्ट ओढून जवळ आणायची आणि जिथे ती खरोखर जोडता येतील अशी पहिली जागा शोधायची. आमच्याकडे टोक १०६ आणि १०७ च्या मध्ये येत होतं, म्हणून जोडता येणारी पहिली जागा १०८. त्यापुढे दोन कड्या, ११०. इथे दोन ठिकाणी हात चुकतो. एक, जोडता येणाऱ्या जागेऐवजी टोक जिथे टेकतं तिथून दोन मोजणं. दोन, क्विक लिंक विसरणं. क्विक लिंक ही स्वतः एक बाहेरची कडी आहे, त्यामुळे चेन १०९ वर कापायची, दोन्ही टोकांना आतली कडी ठेवायची, आणि ११० वी कडी क्विक लिंकची.

माझी आधीची १०८ ची चेन म्हणजे हीच जोडता येणारी पहिली जागा होती, हे तेव्हा हातात टोकं धरून दिसलं. डिरेलरसाठी मी एकही कडी दिली नव्हती.

पूर्ण सस्पेन्शनच्या सायकलीत मागचं चाक वर-खाली होताना पुढच्या क्रँकपासूनचं अंतर बदलतं, तिथे हीच मोजणी शॉकची हवा सोडून, अंतर जास्तीत जास्त असेल त्या स्थितीत करावी लागते. आमची फ्रेम साधी होती, तो प्रश्न आला नाही.

११० लावल्यावर स्टँडवर सगळ्यात आधी ५० आणि ३४ तपासलं, हाताने पेडल अगदी सावकाश फिरवत. केज पुढे झुकली, पण दोन्ही जॉकी व्हीलपाशी चेनची वळणं स्पष्ट दिसत होती. मग पुढे ३४, मागे २१ पासून खाली येत गेलो. १९ ताठ, १७ ताठ, १५ ताठ, १३ वर ताण जेमतेम पण होता. ११ वर चेन किंचित लोंबली आणि केजपाशी स्वतःलाच घासली. कागदावरच्या भाकिताप्रमाणेच. मित्र शेजारी उभा होता, त्यालाही ते बघून समाधान वाटलं.

आता प्रश्न त्या एका चौकटीचा. ३४ आणि ११ वर थोडा सैलपणा का राहिला? कारण डिरेलरची क्षमता गरजेइतकीच होती आणि पूर्णांकात नेताना अर्ध्या इंचाहून थोडी जास्त चेन वाढली होती. १०९ कड्या करता आल्या असत्या तर तो गेला असता, पण आपल्याकडच्या जोडणीत विषम आकडा बसत नाही. निवड १०८ आणि ११० मध्येच होती. मित्र म्हणाला, "मी ५० वर ३४ टाकणारच नाही, मग १०८ का नको?" मी ठाम नाही म्हटलं. लहान-लहान जोडीत चेन सैल असली तर आवाज येतो, फार तर ती उतरते. मोठ्या-मोठ्या जोडीत ती अपुरी पडली तर डिरेलर चाकात जाऊ शकतो. आणि चढावर दमलेला माणूस शिस्त विसरतो, हे त्याच्या चौथ्या दिवसाने दाखवलं होतंच. ३४ आणि ११ वापरायची वेळ तशीही येत नाही, ५० वर १७ टाकलं की जवळपास तेवढाच वेग मिळतो आणि चेनही कमी तिरकी चालते.

क्षमता कमी असलेला, आखूड केजचा डिरेलर असता तर मात्र कुठलीच लांबी पुरी पडली नसती. तेव्हा चेनशी खेळण्याऐवजी कॅसेट लहान करणं किंवा डिरेलर बदलणं हेच खरं उत्तर असतं. चेनची लांबी क्षमतेची उणीव भरून काढत नाही, ती उणीव कुठल्या टोकाला दिसेल एवढंच ठरवते.

शेवटी बी स्क्रू. पहिल्या वेळी मी तो आवळला होता, तोही आखूड चेन लावलेली असताना. चेनची लांबी बदलली की केजचा कोन बदलतो आणि त्याबरोबर वरच्या जॉकी व्हीलचं चकतीपासूनचं अंतरही. त्यामुळे चुकीच्या चेनवर केलेली ती जुळवणी आता लागू नव्हती. पुढे ३४, मागे ३४ ठेवून वरच्या जॉकी व्हीलमध्ये आणि चकतीत ५ ते ६ मि.मी. अंतर राहील इतका स्क्रू सैल केला. गिअर उशिरा बसण्याची जी तक्रार होती तिचा उरलेला भाग इथे संपला. नंतर डिरेलरला दोन्ही टोकांना अडवणारे लिमिट स्क्रू आणि इंडेक्सिंग पुन्हा पाहिलं, त्यात काही हलवावं लागलं नाही.

वीस चौकटींचा कागद पुन्हा भरला. एकोणीस कोऱ्या, एका चौकटीत "किंचित सैल". त्याच कागदाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिलं: ५०/३४, ११-३४, चेनस्टे ४१०, ११० कड्या क्विक लिंकसह. त्याखाली मित्राने स्वतःच्या हाताने एक ओळ घातली: "कॅसेट बदलली तर पुन्हा मोजणे." तो कागद आता त्याच्या अवजारांच्या पिशवीत असतो. पुढची चेन झिजली तेव्हा त्याने जुनीच्या शेजारी नवी ठेवली नाही, १०९ मोजल्या, कापल्या, आणि ५० व ३४ वर पेडल सावकाश फिरवून पाहिलं.